चिखल्या बेडकाला मी भंगार म्हटलं

कुणी आपला सत्कार करतो म्हणालं, तर आधी एक गोष्ट विचारून घ्यावी. कशाबद्दल? मी विचारलं नाही. शाल पांघरली, नारळ घेतला, हार घालून घेतला आणि वर भाषणही ठोकलं! कुठल्या तोंडाने सांगू सांगा बरं? पण आता चहा मागवलाच आहे तुम्ही, तर ऐका. हसलात तरी चालेल. बाकी सगळ्यांचं हसून झालंय.

मी विद्याधर. लोणावळ्यात तुंगार्लीला राहतो, कुसगावच्या एका हॉटेलात बुकिंग सांभाळतो. आणि पन्नाशी जवळ आल्यावर मला पत्त्यांचा नाद लागला. थांबा, भुवया खाली घ्या! रमी नाही, तीनपत्ती नाही. हे चित्रांचे पत्ते. बंद पाकिटात येतात, प्रत्येकावर एखादा प्राणी नाहीतर राक्षस, आणि त्याची ताकद लिहिलेली. पाकीट फोडायचं, नको ते पत्ते दुसऱ्याशी बदलायचे, आपली गड्डी तयार करायची आणि समोरच्याशी लढायचं.

खरी खेळणारी माझी मुलगी, गार्गी. अकरावीत आहे. मी आपला तिला सोडायला म्हणून जायचो, आणि अडकलो तो अडकलोच.

आमचा अड्डा म्हणजे बाजारातलं सलीमभाईंचं खेळण्यांचं दुकान, त्याच्यावरचा माळा. दर रविवारी तिथे मंडळी जमतात. कॉलेजची पोरं, एकदोन मास्तर, आणि कुसगावचा संपत. संपत टेम्पो चालवतो आणि गड्डी शर्टाच्या खिशात घेऊन फिरतो. पत्त्यांवरची इंग्रजी नावं जिभेवर बसेनात म्हणून आम्ही प्रत्येकाचं मराठीत बारसं केलं होतं. नवं पाकीट फुटलं की सलीमभाई पत्ता उचलून विचारणार, "बोला, नाव काय ठेवायचं?" मग गोंधळ, भांडणं, आणि शेवटी सगळ्यांच्या टाळ्या.

दर काही महिन्यांनी नवीन पत्ते येतात. त्यांची चित्रं आधी फोनवर येतात. कुठला पत्ता जोरात चालेल, कुठला फुसका निघेल, हे ओळखणं म्हणजे या खेळातली खरी अक्कल. आणि ती अक्कल आपल्याला आहे, असं मला वाटायचं.

मी चित्रं बघायचो, चष्मा पुसायचो, आणि आम्हा खेळणाऱ्यांच्या फोनवरच्या ग्रुपवर बोलून निरोप टाकायचो. "मंडळी, नमस्कार. नव्या पत्त्यांविषयी माझं भाकीत ऐका." घसा खाकरून, अगदी बातम्या दिल्यासारखं! लगेच खाली नमस्काराच्या हातांची रांग.

"सायेब," संपत मला म्हणायचा, "तुमी बोलल्याबिगर म्या एक पाकीट फोडत न्हाई."

सांगा, कुणाची छाती फुगणार नाही?

गेल्या वर्षी दोन पत्ते आले. एक अग्निगरुड. काय त्याचे पंख, काय ती सोनेरी कड! दुसरा चिखल्या बेडूक. डबक्यात बसलाय, डोळे अर्धे मिटलेले, ताकद जवळजवळ काही नाही. मी निरोप टाकला. "गरुड वर्षभर राज्य करणार! लिहून ठेवा. आणि तो बेडूक? भंगार! पुस्तकात खूण म्हणून घाला."

नुसतं बोलून थांबलो असतो तर माणूस होतो. मी माझे सगळे बेडूक संपतला देऊन टाकले आणि त्याच्याकडून एक गरुड घेतला. संपत वाकून माझ्या पाया पडला. "लय उपकार झालं सायेब." मला वाटलं, केवढा आदर!

पुढे काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच. तुम्ही माझ्यापेक्षा हुशार आहात, कुणीही असतं. बेडकाने सगळ्यांना झोपवलं. तो नुसता बसून राहायचा आणि समोरच्याचे पत्ते चिखलात रुतवायचा. गरुडाला कुत्रंही विचारेना. दर रविवारी मी गरुड काढायचो आणि माझ्याच बेडकांकडून मार खाऊन घरी यायचो.

तुम्ही म्हणाल, अहो, मग कळलं कसं नाही? नाही कळलं! कारण माझ्याकडे कारणं तयार असायची. गरुडाचा काळ अजून यायचाय. गरुडाला खेळवणारा हात पाहिजे. आज माझं डोकं दुखत होतं. अशी कारणं सुचायला मात्र देवाने मला भरपूर अक्कल दिली आहे.

आणि मग तो सत्कार. लोणावळ्याच्या पोरांनी त्या वर्षी पिंपरी हरवलं, देहूरोड हरवलं, तळेगावला तर बसू दिलं नाही. सलीमभाईंनी माळ्यावर खुर्च्या मांडल्या. मला मधोमध बसवलं आणि हातात माइक घेतला.

"मंडळी, यंदाच्या यशाचं श्रेय एकाच माणसाला जातं. आपले विद्याधरराव!"

मी विनयाने मान खाली घातली. ती वर उचलली तेव्हा खांद्यावर शाल होती.

"आता ऐकू या त्यांचेच बोल," सलीमभाई म्हणाले, आणि त्यांनी फोन स्पीकरला जोडला.

माझे जुने निरोप एकामागून एक वाजायला लागले. "गरुड वर्षभर राज्य करणार!" माळा हसला. "तो बेडूक? भंगार!" माळा कोसळायचा बाकी राहिला. पोरं मांड्यांवर थापा मारत होती. मला वाटलं, आनंद झालाय लोकांना! जुन्या आठवणी, प्रेम, दुसरं काय?

म्हणून मी उठलो आणि भाषण केलं. विषय होता अभ्यास आणि अंतर्दृष्टी. "पत्त्याकडे बघितलं की मला आतून कळतं," असं मी म्हणालो. एक मास्तर तोंडाला रुमाल लावून जिना उतरून गेले.

गार्गीने माझी बाही ओढली. "बाबा, बस ना खाली."

"अगं थांब, मुद्द्यावर येतोय."

"बाबा, ते उलटं करतात."

"कोण? काय उलटं?"

"तू जे सांगतोस ना, त्याच्या बरोब्बर उलटं. सगळे. पहिल्यापासून. तू भंगार म्हणालास की तो पत्ता जमवायचा. तू भारी म्हणालास की सोडून द्यायचा."

मी माइक हातात धरून तसाच उभा. "तू पण?"

ती जमिनीकडे बघत म्हणाली, "मीच सांगितलं त्यांना."

संपत पुढे आला. "सायेब, राग धरू नगा. निम्मं चुकणारी मानसं गल्लोगल्ली हायती, त्यांचा काय उपेग? तुमी समदंच्या समदं चुकता! असा मानूस मिळाया नशीब लागतंय."

शाल परत द्यायची की नाही, तेच सुचेना.

घरी आलो. मंजिरी, म्हणजे आमची ही, दार उघडून म्हणाली, "झाला सत्कार?" तिच्या आवाजावरून माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ही रोज ऑफिसला जाताना मला विचारते, "छत्री घेऊ का हो?" मी नको म्हणालो की घेऊन जाते. घे म्हणालो की ठेवून जाते. मला वाटायचं, विसराळू आहे बिचारी!

"मंजिरी, छत्रीचं काय?"

"अहो, लग्नापासून," ती म्हणाली. "लोणावळ्यात राहून जुलैत पाऊस चुकवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही."

मग मला आमच्या हॉटेलचे मालक आठवले. दर गुरुवारी विचारतात, "शनिवारी गर्दी होईल?" मी नाही म्हणालो की भटारखान्यात जादा कोंबड्या येतात. मला वाटायचं, मालक हट्टी आहेत.

हसताय? हसा. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. अहो, माणूस चुकतो हे मान्य. पण आपण चुकणार यावर अख्खं गाव निर्धास्त झोपतंय, हे कळल्यावर करायचं काय? मी ग्रुप सोडला. रविवारी भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागलो.

सलीमभाई आणि संपत घरी आले. मला वाटलं, माफी मागायला आलेत.

"असं सोडून जाऊ नका," सलीमभाई म्हणाले. त्यांचे डोळे खरंच ओले होते. "नवीन पाकिटं यायची आहेत. आम्ही ठरवायचं कसं?"

बघा, ही माझी किंमत!

पण गार्गीसाठी मी उठलो. पुण्यात तिची राज्याची स्पर्धा होती. जिंकणारा दिल्लीला खेळायला जाणार. पोरीने दिल्लीचा ध्यासच घेतला होता. सहल सोडली, मामाकडचं लग्न सोडलं, जेवतानासुद्धा ताटाशेजारी पत्ते मांडायची. दिल्लीशिवाय दुसरं काही मागतच नव्हती. मला म्हणाली, "बाबा, तू चल. मला तू हवायस तिथे. पण तोंड उघडायचं नाही."

संपतच्या टेम्पोतून आम्ही सगळे पुण्याला गेलो. मी दिवसभर तोंड मिटून बसलो. चहा हवाय हेसुद्धा खुणेने सांगितलं. आणि पोरगी जिंकत गेली हो! एकेकाला चिखलात बसवत थेट अंतिम सामन्यात. समोर एक शांत मुलगी होती. एक डाव हिचा, एक तिचा. आता शेवटचा राहिला.

मध्ये थोडा वेळ मिळाला तशी गार्गी धावत माझ्याकडे आली. "बाबा, बोल आता."

"काय बोलू?"

"तुला माहितीये काय ते."

कळलं मला. स्वतःच्या लेकीच्या डोळ्यांत बघून हे बोलायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये. "गार्गी, तू हरणार."

"नीट बोल ना बाबा. जोरात."

"सपशेल हरणार! दिल्लीचं नाव विसर!"

शेजारच्या बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "कसला बाप आहे हा!"

आणि मागून संपतची आरोळी आली, "सायेब बोललं रं! पोरगी जितली!" तो पेढे आणायला पळालासुद्धा. सलीमभाईंनी डोळे मिटून दोन्ही हात वर केले. गार्गीने मला घट्ट मिठी मारली आणि हसत आत गेली.

आणि हरली.

नुसती हरली नाही. कशाने हरली माहितीये? अग्निगरुडाने! वर्षभर ज्याच्याकडे कुणी ढुंकून बघितलं नाही, तो त्या शांत मुलीने शेवटच्या डावात काढला, आणि आमचा बेडूक डबक्यासकट जळून गेला. "गरुडाला खेळवणारा हात पाहिजे" असं मी म्हणायचो ना? तो हात नेमका त्याच दिवशी यायचा होता!

परत येताना टेम्पोत पेढ्यांचा पुडा माझ्या मांडीवर, दोरीसुद्धा न सुटलेला. गार्गी आधी खिडकीबाहेर बघत होती, मग ओढणीत तोंड घालून रडायला लागली. माझा जीव नुसता तुटत होता. आयुष्यात एकदा माझं भाकीत खरं ठरलं, आणि ते हे!

देहूरोड मागे पडल्यावर सलीमभाई हळूच म्हणाले, "विद्याधरराव, असं झालंच कसं? तुम्ही तर चांगलं हरणार म्हणालात."

"म्हणालो ना."

"तोंडाने म्हणालात. खरं सांगा, मनात काय होतं?"

मी पुड्याची दोरी चाचपायला लागलो.

"बोला की सायेब," गाडी चालवता चालवता संपत म्हणाला. "मनात काय व्हतं?"

"मनात तर पोरगी जिंकणार असंच होतं. शंभर टक्के जिंकणार, असंच वाटत होतं मला."

संपतने गाडी कडेला घेतली आणि कपाळावर हात मारला. "घ्या! मग कशी जितल ती?"

रडता रडता गार्गीला हसू फुटलं. "म्हणजे बाबा, तू आजही चुकलासच!"

आधी मला नुसतं बोलायची बंदी होती, ती आता मनात आणायचीही झाली आहे. गार्गी पुढच्या वर्षी पुन्हा खेळणार आहे. म्हणून मी रोज सकाळी देवासमोर बसतो आणि मनापासून घोकतो, पोरगी हरणार, पोरगी हरणार. आमची ही म्हणते, देवालाही वेड लागेल. पण काय करू? परवा ती समोर पत्ते मांडून बसली होती, ओठ दाताखाली धरून, एकेक पत्ता लावत. मी नुसता बघत होतो. एक अक्षर बोललो नाही, देवाशपथ!

तिने मान वर केली, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हातातले पत्ते खाली टाकले.

"बाबा! परत मनात आणलंस ना?"