वाइसवरची नावं

आयुष्यात मी कुणाच्या बापाला भ्यायलो नाही, असं चारचौघांत सांगत असतो. सांगायला काय जातंय! पण त्या दिवशी माझी पाचावर धारण बसली होती, आणि तीही एका लोखंडी वाइससमोर.

भोसरीच्या वर्कशॉपात मी तीस वर्षं फिटर होतो. वर्कशॉप बंद पडलं आणि अंगावर सिक्युरिटीचे कपडे आले. पहिल्या दोन नोकऱ्या माझ्या जिभेनं घालवल्या. पुनावळ्याच्या सोसायटीत तर चेअरमनलाच म्हणालो, "गाडी नीट लावा साहेब, रस्ता तुमच्या एकट्याचा न्हाई." दुसऱ्या दिवशी घरी. तिसरी नोकरी चिंचवडात लागली, शहराच्या इतिहासाच्या संग्रहालयात. तेही बंदच. 'नूतनीकरणासाठी बंद' ही दारावरची पाटी एवढी जुनी झाली होती, की तीच उचलून आत मांडायला हरकत नव्हती.

बायको म्हणाली, "आता तरी तोंड आवरा. माझ्या गुडघ्यांकडं बघा जरा." ती लोकांच्या घरी पोळ्या लाटायला जायची. उभं राहून राहून गुडघे गेले होते. मला काम लागलं तेव्हा कुठं तिनं ते सोडलं. ही नोकरी गेली की तिला पुन्हा लोकांच्या ओट्यापाशी उभं राहावं लागणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

सगळ्या वस्तू मागच्या हॉलमध्ये प्लास्टिकखाली झाकून ठेवल्या होत्या. त्यांची देखरेख करणाऱ्या मॅडम आठवड्यातून एकदा यायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, "काका, कशालाही हात लावायचा नाही. धूळसुद्धा पुसायची नाही." मी मान डोलावली. बाकी आत माणूस म्हणजे एक पेंटर. चाळिशीतला, परभणीकडचा. दिवसभर एकटा भिंती घासायचा. दुपारी डबा उघडला की आधी मला हाक, "काका, या." त्याच्या ठेच्यानं डोळ्यांत पाणी यायचं, पण मी रोज खायचो.

आणि मग खंडेनवमी आली. वर्कशॉपातल्या माणसाला ही काय चीज आहे ते सांगावं लागत नाही. त्या दिवशी मशीन चालवायचं नाही. आदल्या दिवशी सगळी हत्यारं डिझेलनं धुवायची, गंज उतरवायचा, तेलाचा हात फिरवायचा, मगच हळदकुंकू आणि झेंडू. गंजलेलं हत्यार पूजेला मांडलं, तर आमचे उस्ताद सगळ्यांसमोर कानाखाली वाजवायचे.

आदल्या दिवशी दुपारी पेंटर रंग आणायला बाहेर गेला. मी हॉलमध्ये फेरी मारली. एका प्लास्टिकखाली जुन्या वर्कशॉपातली हत्यारं होती: हातोडे, कानशी आणि मधोमध लोखंड पकडायचा भलामोठा वाइस. गंजानं पार लाल झालेला. मला राग आला, खरं सांगतो. आयला, ज्या लोखंडानं हे शहर उभं केलं, त्याची ही अवस्था? पेंटरच्या पिशवीतून पॉलिश पेपर घेतले, जनरेटरपाशी डिझेल होतं. दोन तास घासलं. वाइसच्या एका अंगाला पांढरट पापुद्रे होते, तेही साफ केले. चष्मा घरी होता. शेवटी तो असा उजळला, की छाती भरून आली. दुसऱ्या दिवशी पूजा करायची म्हणून घरी जाताना झेंडूची फुलं घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम अचानक आल्या. सोबत कंत्राटदाराचा सुपरवायझर. त्यांनी प्लास्टिक उचललं आणि तशाच उभ्या राहिल्या.

"हे कुणी केलं?"

आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर बरं झालं असतं.

"यावर नावं होती," त्या म्हणाल्या. "पांढऱ्या रंगानं लिहिलेली. ह्या वाइसवर काम केलेल्या सात कामगारांची. दुसरीकडं कुठंच त्यांची नोंद नाही. म्हणून तर हा वाइस इथं ठेवला होता. आज फोटो काढायला आले होते मी."

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. सात फिटर, माझ्यासारखेच, आणि मी त्यांना घासून टाकलं होतं. खांद्यावरच्या पिशवीत झेंडूची फुलं. आणि हात! लोखंडाचा काळा रंग नखांत, बोटांच्या रेघांत घट्ट बसलेला. रात्री साबण अर्धा संपवला होता तरी गेला नव्हता. मी दोन्ही हात पँटच्या खिशात घातले. आता मॅडम म्हणणार, काका, हात दाखवा. डोळ्यांपुढं एकच दिसत होतं, बायको लोकांच्या ओट्यापाशी उभी आहे.

सुपरवायझरला वाइसमागं वापरलेले पॉलिश पेपर सापडले. त्यानं पेंटरला बोलावलं.

"हे तुझेच ना?"

"माझेच हायत."

"मग हे कुणी केलं?"

पेंटरनं वाइसकडं बघितलं. मग माझ्याकडं. तोंडाकडं नाही, खिशांकडं. मी, जिभेपायी दोन नोकऱ्या घालवलेला माणूस, मूग गिळून उभा राहिलो. एक शब्द पुरे होता. मीच. तो बोलायचा सोडून मी हात खिशात आणखी खोल सारले.

"मला काय माहीत नाही, साहेब," पेंटर म्हणाला.

सुपरवायझरनं त्याला तिथंच कामावरून काढलं. मॅडम म्हणत होत्या, नीट चौकशी करा, पण तो ऐकणारा नव्हता. तासाभरात पेंटरनं ब्रश, भिंती घासायच्या पत्र्या, डबे गोळा केले. मी गेटवर उभा. हात खिशातच. वाटलं, आता हा शिव्या घालेल. घालाव्यात, असंही वाटलं.

तो थांबला. पिशवीतून एक बाटली काढली आणि माझ्या खुर्चीखाली ठेवली.

"थिनर ठेवलंय, काका," तो म्हणाला. "साबणानं जायचं नाही ते."