शून्य, एक, शून्य, एक

आमचे गणिताचे सर कुणालाही उत्तर सांगत नसत. पांढरकवड्याच्या कॉलेजात त्यांचं नाव ‘पुन्हासर’ पडलं होतं. आधी अंदाजाने एक आकडा धरायचा, तो समीकरणात घालायचा, जे बाहेर पडेल तेच परत आत घालायचं, आकडा हलायचा थांबेपर्यंत; ही त्यांची लाडकी रीत. मध्ये बेरीज चुकली तरी ते चिडत नसत. “चूक आपोआप धुऊन जाते, पुढं चाल,” म्हणत. ही माया फक्त आकड्यांपुरती होती.

वर्गात बंजाऱ्यांच्या तांड्यावरून येणारी मी एकटीच. सरांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. “ए तांडा, फळ्याजवळ ये.” एकदा त्यांनी एक घनसमीकरण दिलं आणि शून्यापासून सुरुवात करायला सांगितलं. शून्य घातलं की एक यायचा, एक घातला की शून्य. “काहून थांबली? पुन्हा!” तास संपेपर्यंत मी तेच लिहीत राहिले आणि वर्ग पोट धरून हसत राहिला. शेवटी सर म्हणाले, “सुरुवातच चुकली की असंच भटकत राहा लागते. तुमाले तं सवयच हाय.” मला त्यांचा गळा दाबावासा वाटला.

परतीच्या एसटीत मी उणे दोनपासून सुरुवात केली. तांडा यायच्या आत उत्तर जागेवर बसलं. दुसऱ्या दिवशी ते पाहून सर नुसतं “हं” म्हणाले. पुढे वर्षभर मी त्या “हं”साठीच राबले, हेही खरं.

बाबांनी माझं कॉलेज बंद करायचं ठरवलं, तेव्हा हाच माणूस स्कूटर घेऊन तांड्यावर आला.

“अनुसयाचं लगन जमवून राह्यलो,” बाबा म्हणाले.

“अशी पोरगी माह्या वर्गात दुसरी नाही. लगन मंग करा,” सर खेकसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “तांडा, उद्या वेळेवर ये.”

आता मीही गणित शिकवते. परवा सरांना भेटायला गेले. पक्षाघाताने त्यांची वाचा गेली आहे. काकू त्यांच्याकडून एकेक शब्द म्हणवून घेतात.

“ओळखलं का हिले? नाव सांगा,” काकू म्हणाल्या.

“अ... अ...”

“पुन्हा,” मी म्हणाले.

“अनु...”

“पुन्हा.”

त्यांची लाळ गळत होती, डोळ्यांत पाणी आलं होतं. “दमले ना ते, बाई. राहू द्या,” काकू म्हणाल्या. मला राहू द्यायचं नव्हतं. सरांनी डोळे मिटले, सगळं बळ एकवटलं आणि अगदी स्वच्छ, पहिल्यासारखं म्हणाले, “तांडा.”

काकूंना केवढा आनंद झाला. शब्द पूर्ण आला होता.

मी पदराने सरांची हनुवटी पुसली आणि म्हणाले, “पुन्हा, सर.”