बहात्तर की ब्याऐंशी

माझ्या थोरल्या बहिणीने, अक्काने, माझ्याकडे हट्टाने काही मागितल्याचं मला एकदाच आठवतं. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती. ती बेंगळुरूच्या ट्रंक एक्सचेंजमध्ये तेवीस वर्षं ऑपरेटर होती. गल्लोगल्ली एसटीडी बूथ झाल्यावर हाताने कॉल जोडणारे बोर्ड बंद करायचं ठरलं, आणि बोर्ड निघण्याआधी त्या हॉलचा एक मोठा रंगीत फोटो काढायचं काम माझ्याकडे आलं. अक्का म्हणाली, "मी माझ्या खुर्चीवर बसलेली दिसायला पाहिजे. बाकी तुझं तू बघ."

तिची खुर्ची दाराजवळची, रांगेतली पहिली. म्हणजे फोटोत अगदी डाव्या कोपऱ्यात.

हॉल लांब आणि अरुंद, मागे सरकायला जागा नाही. माझा कॅमेरा मोठा, लाकडी तिवईवर बसणारा, तळहाताएवढी एकेक सुटी फिल्म घालावी लागणारा. एवढा हॉल त्यात मावायचा तर नव्वद मिलिमीटरची वाइड लेन्स हवी. तशी माझ्याकडे होती. लहान, थोडी काळोखी, पण गुणी. तिच्या तोंडाचं माप सदुसष्ट, आणि सदुसष्टचा फिल्टरही घरात होता. हा फिल्टर फार गरजेचा. ट्यूबलाइटच्या उजेडात त्या फिल्मवर माणसं हिरवीगार, आजारी दिसतात. तो हिरवा रंग मारायला गुलाबी-जांभळी काच पुढे लावावी लागते. तिथल्या साहेबांनी आधीच्या एका फोटोग्राफरचा हिरवा फोटो परत पाठवला होता आणि मला ते दोनदा ऐकवलंही होतं.

एवढं सगळं घरात असताना मला चामराजपेटच्या एका दुकानातली मोठी लेन्स भाड्याने आणायची दुर्बुद्धी सुचली. तीही नव्वदचीच, पण दुप्पट उजेड घेणारी. अंधाऱ्या हॉलमध्ये कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर चित्र स्पष्ट दिसेल, असं मी अक्काला सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण खरं म्हणजे ती भलीमोठी काच घेऊन साहेबांसमोर मिरवायचं होतं. तिच्या तोंडाचं माप ब्याऐंशी. माझा सदुसष्टचा फिल्टर तिला कामाचा नाही. म्हणून अक्काच्या जयनगरच्या घरून मी दुकानदाराला फोन लावला. लाइनीत खरखर होती.

"अण्णा, फिल्टर ब्याऐंशीचा. एंबत्तेरडु!"

"इदे सर, इदे. एप्पत्तेरडु."

आहे म्हणतोय एवढं ऐकून मी "सरी, सरी" म्हणून फोन ठेवला. अक्का शेजारीच भाजी निवडत होती. सासर इथलं, त्यामुळे कन्नड तिच्या जिभेवर होतं.

"परत विचार रे. एप्पत्तु म्हणाला का एंबत्तु? एप्पत्तु म्हणजे सत्तर."

"अक्का, बारा वर्षं काढली या गावात. आकडे कळतात मला."

ती पुन्हा भाजी निवडायला लागली. दुसऱ्या दिवशी जाताना रिक्षा थांबवून लेन्स आणि फिल्टरची डबी घेतली, आणि डबी न उघडताच बॅगेत टाकली. शहाणपणा असाच अंगाशी येतो.

हॉलमध्ये पोचलो तेव्हा एक वाजला होता. दोन वाजता बोर्ड कायमचे बंद होणार होते, दाराबाहेर ते उचलायला माणसं येऊन बसली होती. चौदा बायका ठेवणीतल्या साड्या नेसून आपापल्या खुर्च्यांवर बसल्या होत्या. अक्काने केसांत मोगरा माळला होता. उजव्या टोकाला साहेब उभे. मी कॅमेरा भिंतीला टेकवला, लेन्स चढवली, डबी उघडली. फिल्टरच्या कडेवर बारीक अक्षरांत बहात्तर लिहिलेलं होतं.

माझी पाचावर धारण बसली. चामराजपेटला जाऊन परत यायला वेळ नव्हता. तो फिल्टर मी काळ्या टेपने लेन्ससमोर, साहेबांच्या बाजूला थोडा सरकवून, चिकटवला आणि मनात म्हटलं, लेन्सचं भोक बारीक केलं की भागेल. मग तपासलं. या कॅमेऱ्याच्या मागच्या काचेचे चारही कोपरे मुद्दाम कापलेले असतात. त्या फटीतून डोळा लावून लेन्सकडे पाहायचं. भोक पुरतं दिसलं तर त्या कोपऱ्यात उजेड पोचतो. काचेवर चित्र उलटं पडतं, म्हणून अक्काचा कोपरा वर उजवीकडे. तिथे डोळा लावला. भोक दिसलंच नाही, दिसली फक्त फिल्टरची काळी कड.

म्हणजे अक्का काळी होणार. फिल्टर तिच्याकडे सरकवावा तर उजवीकडे साहेब काळे होणार, कॅमेरा वळवावा तर साहेब कापले जाणार. फिल्टर काढावा तर सगळेच हिरवे.

"एष्टु होत्तु?" साहेबांनी विचारलं. किती वेळ लागणार?

"स्वल्प, सर." थोडाच, असं मी म्हणालो. मग कॅमेऱ्यावरच्या काळ्या कापडाबाहेर डोकं काढून म्हटलं, "अक्का, स्वल्प आत सरक. दुसऱ्या खुर्चीमागे उभी राहा."

"का रे? माझी खुर्ची ही आहे."

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण साहेब ऐकत होते, आणि त्या वाक्यात माझी सगळी फुशारकी उघडी पडणार होती. मी म्हटलं, "बरं, राहू दे." आधी फिल्टर लावून साहेबांसाठी एक काढायचा, मग फिल्टर काढून अक्कासाठी एक, असं मी मनाशी ठरवलं. हिरवी तर हिरवी.

"वीस सेकंद कुणी हलायचं नाही," मी ओरडलो आणि शटर उघडलं.

सातव्या-आठव्या सेकंदाला अक्काच्या बोर्डावर दिवा लागला. कुणीतरी शेवटचा कॉल मागत होतं. दिवा लागला की तिचा हात आपोआप जायचा, जेवतानाही. तो हात तेव्हा तिने मांडीवर दाबून धरला. ती हलली नाही, लेन्सकडे बघत राहिली. जिथून ती दिसणारच नव्हती त्या लेन्सकडे. मी आकडे मोजत होतो, आणि स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

शटर मिटलं. साहेब म्हणाले, "आय्तु!" झालं म्हणत त्यांनी टाळी वाजवली. बायका उठल्या, एकमेकींच्या गळ्यात पडल्या, बाहेरची माणसं आत आली. अक्का मात्र झटकन बोर्डाकडे वळली आणि तो कॉल जोडला. मी फिल्टरची टेप ओरबाडत होतो तेवढ्यात तिची खुर्ची कुणीतरी उचलून नेली.

निरोपसमारंभाला फोटो भिंतीवर लागला. रंग झकास आले होते. साहेबांनी माझा हात हातात घेतला. फोटोत तेरा बायका होत्या. डावा कोपरा शाईसारखा काळा. अक्का पुढे झाली, बराच वेळ बघत उभी राहिली. मैत्रिणी तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. मी तिच्याजवळ जाऊन बोलायला तोंड उघडलं, तर माझ्याकडे न बघता तीच मोठ्याने म्हणाली, "त्या दिवशी माझ्या डोक्यावरची ट्यूब गेली होती ना, म्हणून काळं आलंय. याने तर मला आत सरक म्हणून सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. ट्यूब चालू होती. तिला माहीत होतं, मलाही माहीत होतं.

"चहा घेतलास का?" तिने विचारलं.