पाण्यावरची गिरणी आणि आमचे अण्णा

जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम केलं की धूळ आणि किस्से सारखेच साठतात. धूळ निदान व्हॅक्यूमने तरी निघते! आमचं छोटंसं ऑफिस सध्या मॅसॅच्युसेट्समधली, एके काळी नदीच्या पाण्यावर चालणारी कापडगिरणी रिस्टोअर करतंय. बॉस मार्था, स्ट्रक्चरल इंजिनिअर नागपूरचा गौतम कांबळे, आणि आर्किटेक्ट मी.

*

एकदा न्यू जर्सीहून मराठी मंडळींची बस आली. मी रंगात येऊन सांगत होते, "तळघरात पाण्याचं मोठं चाक. ते फिरलं की पट्ट्यांनी पॉवर थेट पाचव्या मजल्यापर्यंत!"

एका काकांनी हात वर केला. "आणि पाणी? तेही चढायचं का?"

"नाही काका, फक्त पॉवर."

"नशीबवान! आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत दोन्ही चढत नाहीत."

*

लाकडी फ्लोअर कुठे खचलाय ते क्लायंटला दाखवायचं होतं आणि गौतम उतार मोजायची लेव्हल घरी विसरला. पठ्ठ्याने माझ्या डब्यातला रव्याचा लाडू उचलला आणि जमिनीवर ठेवला. लाडू गडगडत थेट समोरच्या भिंतीला!

क्लायंट थक्क. "हे इंडियन इन्स्ट्रुमेंट आहे?"

"येस," गौतम गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "पण डिस्पोजेबल."

लाडू माझा गेला, वाहवा त्याची झाली!

*

गिरणीचा जिना आणि संडास आत नाहीतच, बाहेरून जोडलेल्या उंच टॉवरमध्ये आहेत. जिन्यातून आग मजल्यामजल्यावर चढू नये म्हणून. माझे सासरे, अण्णा, सहा महिन्यांसाठी आलेत. घरी कंटाळतात म्हणून त्यांना साइटवर नेलं. मार्था त्यांना म्हणाली, "कामगार संडासच्या नावाखाली इथेच गप्पा मारत बसायचे."

अण्णा वीज मंडळातून रिटायर झालेले. म्हणाले, "मग खरं ऑफिस हेच की!"

*

आणि नेमका तोच टॉवर पाडायला निघाले! मालकाला तिथे काचेची लिफ्ट हवी होती. टॉवरशिवाय गिरणी म्हणजे नुसतं खोकं. मार्थाला रडू यायचं बाकी होतं.

पाडायची परवानगी द्यायची की नाही हे ठरवायला टाउनची कमिटी गिरणीतच सुनावणीला बसली. मालकाचा वकील म्हणाला, "कामगारांना पाळीवर बोलावणारी टॉवरवरची घंटा कित्येक वर्षांत वाजलेली नाही. उद्या टॉवर गेला तर गावात कुणाला पत्तासुद्धा लागणार नाही."

ठण्ण!

अण्णा कुठायत? अण्णा टॉवरमध्ये! अहो, आपल्या माणसाला घंटेचा दोर दिसला आणि त्याने ओढला नाही, असं कधी होईल का? पुन्हा ठण्ण!

अण्णा खाली आले ते चपला हातात घेऊन. "सूनबाई, सवयीने वाजली गं."

वकील हसला. मार्थाने कपाळाला हात लावला. अध्यक्षबाई म्हणाल्या, "चला, पुढचा मुद्दा."

एवढ्यात दार ढकलून रोझ आजी आत आल्या. राहायला समोरच्याच गल्लीत, तरुणपणी इथेच मागावर कामाला होत्या. स्वेटर उलटा, पायात घरातल्या सपाता, धाप लागलेली.

त्यांनी सगळ्यांकडे घाबरून बघितलं आणि विचारलं, "लेट झाले का मी?"