चौसाळा नावाच्या सर्व्हरवरची पट्टी

दत्ता गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या मनात पहिलं हेच आलं, की आता तरी घरचे ह्याची तारीफ थांबवतील.

नाही थांबवली. आज वर्ष झालं. आईनं सकाळीच फोनवर सांगितलं, "दत्तूसारखं पोरगं न्हाई व्हायचं गावात."

मी म्हणालो, हो.

आम्ही दोघं नेकनूरचे. एका बाकावरचे. दहावीला मी तीन विषयांत उडालो, तो एकातच. नापासातसुद्धा माझ्या पुढं.

एकाच ठेकेदाराच्या हाताखाली बंगळुरूला आलो. काम सर्व्हर रूममधलं. मशीन उचलायच्या, रॅकमध्ये बसवायच्या, वायरी ओढायच्या. एसी असा की बीडच्या उन्हात वाढलेल्या माणसाचे दात वाजायचे.

तिथं सात दांडग्या मशीन होत्या. प्रत्येकीच्या पोटात पंधरा-वीस खोट्या मशीन चालायच्या. खोट्या म्हणजे लोखंडाच्या नाही, सॉफ्टवेअरनं बनवलेल्या. काही बिघडलं की सातही एकेक करून उघडून बघावं लागायचं.

मग सर्व्हर रूम सांभाळणाऱ्या कंपनीच्या सरांनी नवीन सॉफ्टवेअर आणलं. सातही मशीन एकाच स्क्रीनवर.

मला काही कळेना. दत्ता म्हणाला, "अबे, बीडच्या स्टँडवर कंट्रोलर बसतो का न्हाई केबिनमधी? नेकनूर लागली का, पाटोदा निघाली का, समदं तितूनच. तसंच हाय हे."

लगेच कळलं. ह्याचाच राग यायचा.

सरांनी त्याला मशीनना नावं द्यायला सांगितलं, तर लेकानं नेकनूर, पाटोदा, चौसाळा अशी आपली गावंच दिली.

सर हसले. "ये सब कहाँ है?"
"हमारे उधर, सर."

मी पण उधरचाच होतो. मला कुणी विचारलं नाही.

त्याच दिवशी सर म्हणाले, "दोनों में से एक को कंपनी में लूँगा." कंपनीत म्हणजे गळ्यात कार्ड. ठेकेदाराच्या शिव्या बंद.

आणि सॉफ्टवेअर बसवायचं काम दिलं दत्ताला. मला वायरींना लेबल लावायला बसवलं.

शुक्रवारपर्यंत त्यानं सहा मशीन जोडल्या. सातवी चौसाळा. ती काही जोडून घेईना. जोडायला गेलं की लाल एरर. त्यानं सॉफ्टवेअर काढून परत बसवलं, तरी तेच.

मला माहीत होतं कशामुळं ते.

आठवड्यापूर्वी त्या मशीनच्या आतली बटणाएवढी बॅटरी मीच बदलली होती. ती काढली की मशीनचं घड्याळ पुसलं जातं, तारीख कित्येक वर्षं मागं जाते. ती नीट लावायची मी विसरलो होतो. तारीख जुळली नाही की हे सॉफ्टवेअर मशीनला ओळखच देत नाही.

आधी खरंच विसरलो होतो. मग आठवलं. आणि मी गप बसलो.

शनिवारी दुपारी डबा तसाच ठेवून तो माझ्याकडं आला.

"चौसाळ्याला कुणी हात लावलावता का बे? तू उघडलीवती का?"
"न्हाई बा."
"बघ आठवून."
"न्हाई म्हणलं ना! जमंना तर सांग सरांना तसं."

तो मशीनकडं वळला. "बरं," म्हणला.

सोमवारी सर आले तर सातही हिरव्या.

"प्रॉब्लेम क्या था?"
"टाइम, सर. बैटरी बदली थी, टाइम लगाना रह गया."
"किसने बदली?"

आमच्याकडं रीत होती. मशीन उघडली की तिच्या मागं पांढरी पट्टी चिकटवायची, त्यावर उघडणाऱ्याचं नाव. माझं नाव तिथंच होतं. त्या एसीत मला घाम फुटला.

"मैंने, सर," दत्ता म्हणाला. "पट्टी लगाना भी भूल गया."

सर मागं जाऊन बघून आले. लई बोलले त्याला, सगळ्यांसमोर. ते गेल्यावर मी बघितलं. पट्टी नव्हती. नुसता चिकट चौकोन राहिला होता.

आणि मला काय वाटलं सांगू? वाटलं, आता कार्ड माझं.

कार्ड त्यालाच मिळालं. सर म्हणाले, "गलती की, पर ढूँढी भी इसी ने."

आठ दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. मी! त्याच्याशी!

त्यानं पट्टीचा विषय कधी काढला नाही. काढला असता तर भांडता तरी आलं असतं. उलट रोज जेवण झालं की शेजारी खुर्ची ओढायचा. "बस. शिकून घे. उद्या मी गावाकडं गेलो तर कोण बघंल हे?"

गेला गावाकडं. भावाच्या लग्नाच्या पत्रिका वाटायला. पाटोद्याहून येताना मोटारसायकलला टेम्पोनं ठोकलं.

त्याची माती झाली त्या दिवशी मला सुटी मिळाली नाही. ती स्क्रीन बघणारा दुसरा कुणी नव्हताच. पुढं ती जागा मलाच दिली. कार्ड मिळालं, खुर्ची मिळाली. काम येतं ते सगळं त्यानं शिकवलेलं.

खोटं कशाला बोलू, अजून जळतो त्याच्यावर. त्याच्या जागी मी असतो तर पट्टी काढली नसती, सरांना हाताला धरून दाखवली असती.

आज सकाळी सरांच्या केबिनमध्ये गेलो. सगळं सांगितलं. कार्ड टेबलावर ठेवलं.

सरांनी कार्डाकडं बघितलं. मग म्हणाले, "अब क्यों बता रहे हो?"

"आज उसको एक साल हुआ, सर," एवढंच म्हणालो.

"कल बात करेंगे," म्हणाले. कार्ड तिथंच टेबलावर राहिलं.

उद्या काय होईल ते होईल.

दत्त्या, बॅटरी मीच बदललीवती. तुला ठावं होतं. आता सरांना ठावं हाय, गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे वाचून तुझ्या घरच्यांना आन् गावालाबी होईल.

फुलं वाहणारे तुला लई हायेत. माझ्याकडून एवढंच घे.

जा आता, दोस्ता.