पंडित मास्तरांचं निळं झुडूप

पंडित पाटलांना पांडेसऱ्याच्या कापड गिरण्यांत सगळे मास्तर म्हणत, पण ते शाळेतले नव्हेत. एका डाइंग मिलमध्ये ते रंगमास्तर होते. गिऱ्हाईक पार्टीने पाठवलेला नमुन्याचा तुकडा आणि रंगाच्या कढईतून निघालेला तुकडा खिडकीच्या उजेडात शेजारी धरायचे आणि जरा लाल वाढवा, जरा पिवळा कमी करा, असं सांगायचे. चूक होत नसे. म्हणूनच सत्त्याण्णव साली मोरपंखी साड्यांचा अख्खा लॉट हिरवट निघाला, तेव्हा कुणाला खरं वाटेना. शेठ ओरडले नाहीत. "मास्तर, थोडा आराम करो," एवढंच म्हणाले आणि त्यांना गोदामावर बसवलं.

आराम पंडितांच्या अंगात नव्हता. गोदामात ते गठ्ठ्यांभोवती फेऱ्या मारत, उधन्याच्या घरी आले की अंगणात.

एका रविवारी ते बहिणीकडे कामरेजला गेले होते. येताना हायवेवरच्या नर्सरीत सहज शिरले. तिथला माळी लोटू त्यांच्याच शिंदखेड्याकडचा, ओळखीचा निघाला. एका कुंडीत गुडघ्याएवढं, दाट, टोचऱ्या पानांचं झुडूप होतं.

"जुनिपर आहे, मास्तर. हिमाचलहून आलंय. बुटकंच राहतं, बाराही महिने निळं."

"निळं? राखाडी आहे की."

लोटू हसला. "थट्टा करता का? निळ्यासाठीच तर लोक नेतात."

पंडितांनी कुंडी उन्हाकडे फिरवून पाहिली; त्यांना राखाडीच दिसत होतं. घासाघीस न करता त्यांनी कुंडी उचलली आणि एस.टी.त मांडीवर घेऊन बसले.

त्या दिवसापासून त्यांचा जीव त्या झुडपाला टांगला. सकाळी उठून आधी तिथे. शेजारची पोरं, दूधवाला, पोस्टमन, जो येईल त्याला विचारत, "कुठला रंग दिसतो रे?" सगळे निळाच सांगत. मग ते कुंडी उन्हात ठेवत, दुपारी सावलीत, संध्याकाळी परत ओट्यावर. आणि पाणी! जाता-येता तांब्या ओतत.

"दिनभर त्याले उचली-उचली ठेवतस, ते कसं जगी?" बायको, मालतीबाई, वैतागून म्हणत. "बठा ना जराखं."

पंडित बसत आणि लगेच उठत.

पावसाळा सरता सरता झुडूप आतून वाळू लागलं. ते पहिल्यांदा पाहिलं मुलीने, नूतनने. ती तेव्हा कॉलेजात होती. "बाबा, खालून सगळं तपकिरी पडलंय. तुम्ही रोज बघता ना?"

"मला सगळं दिसतं!" पंडित एवढ्या जोरात ओरडले की पलीकडच्या ओट्यावरची माणसं वळून बघायला लागली. नूतनने एक फांदी वाकवून त्यांच्या डोळ्यांजवळ धरली. "नाही दिसत," पंडित हळूच म्हणाले. "वर्ष झालं. निळा गेलाय माझा."

नूतनने दुसऱ्याच दिवशी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. मोतीबिंदू होता, दोन्हीकडे, पिकत आलेला. ऑपरेशनला पंडित भीत होते ते दुखण्यामुळे नव्हे. त्यांनी डॉक्टरांना एकच विचारलं, "निळा परत येईल का?"

"येईल," डॉक्टर म्हणाले. "उलट जरा जास्तच वाटेल."

आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, पट्टी निघाली. घरी येताना रिक्षात ते एकसारखे दचकत होते. दुकानावरची निळी ताडपत्री, कुणाची तरी निळी ओढणी, सगळं अंगावर येत होतं. अंगणात उतरल्याबरोबर ते झुडपापाशी गेले. शेंड्यांना धुरकट, चांदीसारखी निळाई होती. तसा निळा त्यांनी कधी कढईत उतरवला नव्हता. आणि खाली निम्मं झुडूप मेलेलं होतं.

लोटूने येऊन कुंडी उपडी केली तर मुळांना कुजका वास. "बुडवलंत याला," तो म्हणाला. मग दोघांनी अंगणात विटांचे तुकडे आणि जाड वाळू घालून उंचवटा केला, सडकी मुळं छाटली, झुडूप त्यावर बसवलं. "माती कोरडी झाल्याशिवाय पाणी नाही. आणि आता हात लावू नका."

तेच अवघड होतं. पंडित खिशात हात कोंबून फेऱ्या मारत. डोळा सुधारला तसे ते मिलमध्ये जुनं काम मागायला गेले, तर त्यांच्या जागी दुसरा माणूस बसला होता. शेठनी चहा पाजला, बस्स. शेवटी मागच्या गल्लीतल्या एका लहान डाइंगवाल्याने त्यांना रंगाच्या कामावर ठेवून घेतलं.

झुडपाने दोन उन्हाळे काढले. नवी पालवी फुटायची ती निळीच. तिसऱ्या मे महिन्यात लूचे तापलेले वारे सुटले आणि ते आठवड्याभरात वाळलं. पंडित महिनाभर ते उपटू देईनात. मालतीबाईंनी एके सकाळी ते स्वतःच काढलं आणि तिथे कढीपत्ता लावला. पंडित दिवसभर त्यांच्याशी बोलले नाहीत. संध्याकाळी मात्र चाळणी घेऊन पूर्वीसारखी जाड वाळू चाळायला बसले.

"कढीपत्त्याले वाळू कशाले?" मालतीबाईंनी विचारलं, पण तोवर ते घमेलं उचलून कढीपत्त्याकडे निघाले होते.