उमरठच्या उतारासाठी जीपला दिलेलं व्हॅक्यूम

माझी पहिली फील्ड पोस्टिंग उत्तरेकडच्या एका वर्कशॉप डिटॅचमेंटमध्ये होती. ट्रेड, व्हेइकल मेकॅनिक. सकाळी फॉल-इनची हजेरी, मग दिवसभर गाड्या. तिथे नाईक उतेकर भेटला. ड्रायव्हर, उमरठच्या वरच्या वाडीचा. मी त्याच खोऱ्यात खाली कापड्याचा. घरापासून एवढ्या लांब आपल्या बोलीत शिव्या देणारा माणूस मिळाला, म्हणून आमची जोडी जमली. त्याच पोस्टिंगमध्ये तो लढाईत कामी आला. मी पुढे हवालदार होऊन घरी आलो.

यंदा कापड्यात त्याचं स्मारक झालं. आमच्या खोऱ्यातले सर्वांत ज्येष्ठ माजी सैनिक सुभेदार कदम यांनी ते उभं केलं. अनावरण उतेकरच्या आईच्या हातून करायचं ठरलं. सांगायला सुभेदारसाहेब आणि मी वाडीवर गेलो. त्याच्या आईने, पार्वतीकाकींनी, सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "माझा पोर कसली गाडी चालवायचा रे?"

"पेट्रोल जीप, काकी."

"मग तसलीच घेऊन ये. दुसऱ्या गाडीत नाय बसनार मी."

तसली जीप सुभेदारसाहेबांकडेच होती. लिलावात घेतलेली, ताडपत्रीखाली उभी. इंजिन मी सुरू केलं. अडचण ब्रेकची. जुने ड्रम, ब्रेकचा जोर वाढवणारा बूस्टर नाही. पेडलवर सगळं वजन टाकावं लागायचं. माझ्या उजव्या गुडघ्यात प्लेट आहे, आणि वाडीपासून कापड्यापर्यंत उतारच उतार. ती गिअरबॉक्स दुसऱ्या कोणाला जमत नव्हती.

"काय लागेल?" साहेबांनी विचारलं.

"बूस्टर बसवू. पण त्याला व्हॅक्यूम लागतं. मॅनिफोल्डला भोक पाडावं लागेल."

"जुनं ओतीव बीड आहे. तडकलं तर?"

"दुसरं मिळणार नाही, साहेब."

साहेबांनी मान हलवली. "कॅरी ऑन."

इंजिन मॅनिफोल्डमधून हवा आत ओढतं, ती ओढ म्हणजे व्हॅक्यूम. नळीने ती बूस्टरपर्यंत नेली की पायाचं निम्मं काम इंजिन करतं. बिडाचा कीस आत जाऊ नये म्हणून मी मॅनिफोल्ड उतरवला आणि महाडला लेथवाल्याकडे नेला. जागा मी खुणावली. कार्बोरेटरखाली, जिथून चारही सिलिंडरच्या वाटा फुटतात तिथे. एकाच वाटेवर भोक पाडलं तर तो सिलिंडर मिस मारतो. दाब न देता ड्रिल केलं, आटे पाडले, नळीसाठी पितळी निपल बसवलं. शेजारी एक लहान निपल वायपरसाठी, कारण या जीपचा वायपरही व्हॅक्यूमवर चालतो. बीड तडकलं नाही.

पहिली ट्रायल मात्र फेल. पेडल दगडासारखं. पाहिलं तर साधी पेट्रोलची नळी आतल्या ओढीने चपटी झालेली. मुंबईहून जाड भिंतीची नळी मागवली, ती वीर रेल्वे स्टेशनवर जाऊन उतरवून घेतली. बूस्टरजवळ एकमार्गी व्हॉल्व्ह बसवला. इंजिन बंद पडलं तरी साठलेलं व्हॅक्यूम त्याने टिकतं. दुसऱ्या ट्रायलला पेडलवर पाय ठेवून स्टार्टर मारला. पेडल पायाखाली आपोआप थोडं खाली गेलं.

"दात दिसताहेत तुझे," साहेब म्हणाले.

अनावरणाच्या सकाळी धुकं होतं. काकी पुढच्या सीटवर बसल्या. साहेब वॉकी-टॉकी घेऊन मोटारसायकलवर पुढे निघाले. निम्मा उतार सरला तेव्हा माझ्याकडचा सेट वाजला.

"जीप, पुढच्या वळणानंतर रस्त्यावर दगड आलेत. डावीकडून या. ओव्हर."

"रॉजर."

गिअर उतरवायला क्लच दाबला आणि त्याच वेळी चाक खड्ड्यात आदळलं. ठिणगी देणाऱ्या कॉइलची वायर निसटली. इंजिन बंद. गिअर पडेना. जीप वेग घेऊ लागली. धुक्यातून दगड दिसले, डावीकडे अरुंद जागा आणि लगेच दरी. मी ब्रेक दाबला. इंजिन मेलेलं होतं, तरी साठलेल्या व्हॅक्यूमवर पेडल हलकंच होतं. जीप सरळ रेषेत थांबली. बंपर आणि दगड यांच्यात हातभर अंतर.

"थांबली ना?" काकी म्हणाल्या.

"थांबली."

"मग असा काय बसलास? चल."

"जीप, सिच्युएशन?" सेटवर साहेब.

"ऑल ओके, साहेब. वायर लावून निघतो. ओव्हर."

कापड्यात शिरताना मी हॉर्नवरून हात काढलाच नाही. लोक घराबाहेर आले. माजी सैनिक मेडल लावून दोन रांगांत उभे होते. साहेबांनी खणखणीत आवाजात 'सावधान' दिलं. काकी कोणाचा हात न धरता जीपमधून उतरल्या, रांगांमधून चालत गेल्या आणि पडदा ओढला. उतेकरचं नाव दिसलं. इतका वेळ टाळ्या कापड्यात मी ऐकल्या नव्हत्या.

गर्दी पांगल्यावर काकी माझ्याजवळ आल्या. "त्या दिवशी काय झालं, ते मला कोनी नीट सांगितलं नाय. तू व्हतास ना?"

मी सांगितलं. पोस्टवर तोफमारा चालू होता. उतेकर जखमींना जीपमधून खाली आणत होता. शेवटच्या फेरीत त्याला तोफगोळ्याचा स्प्लिंटर लागला. तरी जीप मी होतो त्या मेडिकल पोस्टसमोर आली. मागच्या दोन जखमींना आम्ही उतरवलं. ते दोघेही वाचले. मग मी ड्रायव्हरच्या बाजूला गेलो. उतेकर गेला होता. इंजिन त्याने बंद केलेलं होतं, हँडब्रेक पूर्ण ओढलेला होता.

काकींनी नावाकडे पाहिलं.

"गाडी नीट लावलीन," त्या म्हणाल्या.